सावली धरून श्रीवर्धनपर्यंत

करी रोडच्या माणसाला कोकणात जायचं म्हटलं की परळ आगाराची एसटी आठवते, नाहीतर गणपतीच्या आधी बघता बघता भरून जाणारं रेल्वेचं आरक्षण. या दोन्हींहून जुनी वाट पाण्यावरची आहे. ती आमच्या घरापासून पाचेक किलोमीटरवर, माझगावच्या भाऊच्या धक्क्यावर सुरू होते. सायकलवाल्यांना आजही तीच सोयीची, कारण पनवेल-पेणची ट्रक-कंटेनरची गर्दी अंगावर न घेता मुंबईबाहेर पडता येतं. धक्क्यावर सायकल बोटीत चढवायची, तासाभराने मांडव्याला उतरायचं आणि समुद्र उजव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे निघायचं. अलिबाग, रेवदंडा, काशिद, मुरूड. मग आगरदांड्याला खाडी ओलांडून दिघी, दिवेआगर आणि श्रीवर्धन. सगळा रस्ता सव्वाशे किलोमीटरच्या आसपास भरतो.

या हिवाळ्यात माझ्यासोबत माझा भाचा होता. लालबागच्या चाळीत वाढलेला हा मुलगा आता कॅलिफोर्नियात, सॅन होजेजवळ राहतो आणि सुट्टीच्या दिवशी सायकल घेऊन डोंगरात जातो. त्याची नेहमीची वाट वुडसाइड गावाकडून ओल्ड ला होंडा रोडने चढते. पाच-साडेपाच किलोमीटरचा अरुंद, वळणावळणांचा चढ, आणि दोन्ही अंगांना रेडवुडची झाडं. माथ्यावरचा स्कायलाइन रस्ता ओलांडला की पुढे गवताळ टेकड्या लागतात आणि रस्ता पॅसिफिक महासागराकडे उतरतो. रेडवुड हे जगात सगळ्यांत उंच वाढणारं झाड. त्यांतलं आज सगळ्यांत उंच मानलं जाणारं ‘हायपेरियन’ ११५ मीटरहून उंच आहे. ते उत्तर कॅलिफोर्नियाच्या राष्ट्रीय उद्यानात उभं आहे. तिकडे उन्हाळ्यात जवळपास पाऊसच नसतो. समुद्रावरून येणारं धुकं पानांवर साचतं, थेंब थेंब खाली गळतं आणि त्यावर हे जंगल उन्हाळा काढतं.

फोनवर त्याने विचारलं होतं, “मावशी, समुद्र, डोंगर आणि दाट झाडी, तिन्ही एकाच रस्त्यावर, असं आपल्याकडे कुठे मिळेल?” मी म्हटलं, “ये तू. मांडव्याला उतरू आणि श्रीवर्धनपर्यंत जाऊ.”

पहाटे उजाडायच्या आधी आम्ही करी रोडचा पूल उतरून भारतमाता सिनेमापाशी आलो आणि काळाचौकी, कॉटन ग्रीन, रे रोड करत धक्का गाठला. या रस्त्यांवर पहाटे सायकल निवांत चालवता येते. १९८२च्या संपापर्यंत याच वेळी गिरण्यांची पहिली पाळी सुरू व्हायची. त्या गिरण्यांत राबलेली असंख्य माणसं कोकणातली होती आणि गावी जाण्यासाठी हाच धक्का गाठत होती. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावस्येच्या दिवशी, ‘रामदास’ ही बोट इथून रेवसला निघाली आणि वादळात काशाच्या खडकाजवळ उलटली. ६००हून अधिक माणसं बुडाली. गिरणगावात आणि अलिबागच्या गावांत त्या दिवसाची आठवण अजून काढली जाते. धक्क्यावरून कोकणाकडे जाताना ती मनात असावी असं मला वाटतं, कारण आजचा सुखाचा प्रवास त्या काळी पावसाळ्यात जिवावरचा होता.

आज याच धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते. ती मार्च २०२० मध्ये सुरू झाली. खालच्या डेकवर मोटारी उभ्या राहतात, सायकली कठड्याला टेकवून बांधता येतात. सायकलचं तिकीट वेगळं काढावं लागतं आणि सुट्टीच्या दिवशी ते आधी काढलेलं बरं. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात.

मांडवा ते अलिबाग हे वीस किलोमीटर अंगात ऊब आणण्यापुरते. रस्ता बहुतेक सपाट आहे. चोंढीला उजवीकडे वळलं की किहीम लागतं. १९३०च्या सुमारास पक्षितज्ज्ञ सलीम अली इथे राहायला आले आणि घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीवर दिवसचे दिवस नजर ठेवून त्यांनी त्या पक्ष्याचं घरटं बांधणं आणि जोड्या जमवणं टिपून ठेवलं. नर अर्धवट घरटं बांधतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडलं तर राहते आणि मग नर दुसरं घरटं बांधायला घेतो, हे त्यांनी इथेच पाहिलं.

अलिबागेत भाच्याला मी चुंबकीय वेधशाळा बाहेरून दाखवली. मुंबईत कुलाब्याला १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार हे नक्की झाल्यावर त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील म्हणून १९०४ साली वेधशाळा अलिबागला हलवली. इमारतीसाठी पोरबंदरचा दगड वापरला, कारण त्यात चुंबकत्व जवळजवळ नसतं. एका नोंदीच्या शुद्धतेसाठी खाडीपार जाणारी ती माणसं मला फार मोठी वाटतात.

अलिबाग सोडल्यावर रस्त्याचा पोत बदलतो. आक्षी, नागाव, चौल ही आगरांची गावं. आक्षीला शके ९३४ म्हणजे इ.स. १०१२चा शिलालेख आहे. मराठीतल्या अगदी जुन्या लेखांत त्याची गणना होते. नागावपासून पुढे रस्ता वाड्यांच्या गडग्यांमधून जातो. वाडी बाहेरून नुसती हिरवी दिसते, पण तिच्यात मजले असतात. वर नारळ, त्याखाली पोफळी, पोफळीच्या खोडावर मिरीचा वेल, त्याखाली जायफळ आणि अगदी खाली केळ, अळू, हळद. पूर्वी विहिरीच्या रहाटाने आणि आता पंपाने पाणी काढून ते पाटाने झाडाझाडाला फिरवलं जातं. म्हणून या गडग्यांतून भर दुपारीही जाता येतं. जिथे वाडी संपते आणि रस्ता खाजणाच्या बांधावर येतो तिथे भट्टीचं दार उघडावं तसा उन्हाचा झोत अंगावर येतो.

मोटारीत बसून हे कळत नाही. सायकलवर माणसाची कातडीच रस्ता वाचते. इथे वाडी, इथे माळ, इथे जंगल, असा नकाशा डोळे मिटले तरी सांगता येईल. श्रीवर्धनपर्यंत मी हाच हिशेब ठेवत गेले: सावली कुठे आहे, आणि ती कुणामुळे टिकली आहे.

चौल हे फार जुनं बंदर. रशियन व्यापारी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात इथेच उतरला होता. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. रेवदंड्यात रस्ता पोर्तुगीज किल्ल्याच्या तटातूनच आत शिरतो. तटावर वडाची मुळं उतरली आहेत आणि आत पुन्हा नारळ-पोफळीच्या वाड्या. पुढे कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडून साळाव आणि मग उजवीकडे कोर्लई. खाडीच्या तोंडावर समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या सोंडेवर कोर्लईचा किल्ला आहे. मराठ्यांनी १७४० साली पोर्तुगिजांकडून हा मुलूख घेतला, पण कोर्लईच्या ख्रिस्ती वाडीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून तयार झालेली बोली आजही घराघरात बोलली जाते. ती बोलणारी माणसं हजाराच्या आसपास असतील. दोन म्हाताऱ्या दारात बसून बोलत होत्या. सूर कोळीवाड्याचा होता, शब्द मात्र आम्हा दोघांनाही कळले नाहीत.

कोर्लईला रस्त्यालगत बांबूच्या मांडवांवर मासळी वाळत होती. तिथल्या बाईंना भाच्याने विचारलं, “काकू, काशिदपर्यंत चढ फार आहे का?” त्या जवळा पसरता पसरता म्हणाल्या, “चढ हाय, पण झाडी हाय.”

त्यांच्या उत्तरात पुढच्या रस्त्याचं सार होतं. या किनाऱ्याची ठेवणच अशी आहे. सह्याद्रीपासून निघालेल्या डोंगररांगा थेट समुद्रापर्यंत येतात आणि दोन रांगांमधून नदी खाडी होऊन बाहेर पडते. किनाऱ्याने जायचं म्हणजे प्रत्येक सोंड चढून पलीकडे उतरायचं, मग खाडी ओलांडायची, मग पुढची सोंड. चढ लांब नसतात. पाच किलोमीटरचा सलग चढ या रस्त्यावर कुठेच नाही. पण ते अचानक येतात, वळणाच्या पलीकडे दडलेले असतात आणि एकामागून एक येऊन पाय थकवतात. “मावशी, खालचा गिअर आत्ताच टाक, चढावर जोर पडल्यावर साखळी कुरकुर करते,” असं भाचा सारखं सांगत होता आणि ते खरं आहे. या रस्त्यावर वळणाच्या आधी गिअर बदलायचा आणि उतारावर ब्रेक वळणात शिरण्याआधीच लावायचा. वळणात जांभ्याचे खडे असतात आणि त्यांच्यावर चाक घसरतं.

बोर्ली सोडली आणि रस्ता चढू लागला. उजव्या हाताला झाडांच्या फटीतून समुद्र दिसत होता, डाव्या हाताला डोंगर. ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, मधूनच सावरीचं काटेरी खोड. उन्हाची तिरीप रस्त्यावर तुकड्यातुकड्यांनी पडलेली. घाम होता, पण तो वाऱ्याने वाळत होता. माथ्यावर येऊन काशिदच्या बाजूला उतरलं की सुरूचं बन आणि पांढऱ्या वाळूची लांब किनारपट्टी लागते. काशिदला सुट्टीच्या दिवशी फार गर्दी असते, म्हणून आम्ही शहाळं पिऊन लगेच पुढे निघालो.

काशिद ते मुरूड या टप्प्यात डाव्या हाताच्या डोंगरांवर फणसाड अभयारण्य आहे. ५० चौरस किलोमीटरहून थोडं मोठं. १९८६ साली ते जाहीर झालं, पण जंगल त्याच्या कितीतरी आधीपासून राखलेलं आहे. हा सगळा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांच्या संस्थानात होता आणि हे डोंगर नवाबाची शिकारीची राखीव जागा होते. इथे कुऱ्हाड लावायची सोय नव्हती. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, जंगल मागे उरलं. शिकारीसाठी का होईना, कुणीतरी ‘इथे हात लावायचा नाही’ असं ठरवलं म्हणून मुंबईपासून इतक्या जवळ असं जंगल शिल्लक आहे.

अभयारण्यात जायची वाट सुपेगावकडून आहे. त्यासाठी समुद्राचा रस्ता सोडून आत जावं लागतं आणि तो फेरा घालावाच असं मी सांगेन. सायकली फाटकाशी ठेवून, पास काढून, गावातलाच वाटाड्या बरोबर घेऊन आम्ही पायी आत गेलो. इथल्या पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. फणसाडची गाण, चिखलगाण अशी त्यांची नावं आहेत आणि अभयारण्याचं नावही त्यांतल्याच एका गाणीचं. उन्हाळ्यात वरचे ओढे आटले की सांबर, भेकर, रानडुक्कर आणि त्यांच्या मागावर बिबट्या, सगळे या गाणींवर येतात. पिसोरी नावाचं सशाएवढं हरणही या जंगलात आहे. ते फार क्वचित दिसतं, आम्हाला दिसलं नाही. शेकरू मात्र दिसलं. तांबूस पाठ, फिकट पोट आणि अंगाहून लांब झुपकेदार शेपूट. शेकरू जमिनीवर सहसा उतरत नाही, एका झाडाच्या शेंड्यावरून दुसऱ्या झाडावर झेप घेत जातं. म्हणजे वरच्या फांद्या एकमेकींना भिडलेल्या असतील तिथेच ते राहू शकतं. मध्ये रस्त्याची रुंद चीर पडली की त्याची वाट तुटते. आपला राज्यप्राणी हा जंगल किती सलग आहे याची खूण आहे.

वाटाड्याने गारंबीची वेल दाखवली. वेल म्हणण्यापेक्षा खोडच; माणसाच्या मांडीएवढी जाड, पिळे घेत एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेली. तिची शेंग हातभर लांब आणि चपटी, दोन बियांच्या मध्ये आवळलेली. जमिनीवर पडलेल्या एका शेंगेतून त्याने बी काढून भाच्याच्या हातावर ठेवलं. रुपयाच्या नाण्याहून मोठं, गर्द तपकिरी, घासून गुळगुळीत केल्यासारखं, हातात घेतल्यावर वाटतं त्याहून हलकं. हे बी पाण्यावर तरंगतं. ओढ्यातून खाडीत, खाडीतून समुद्रात जातं आणि कुठल्या तरी दूरच्या किनाऱ्याला लागतं. भाच्याने ते नीट पाहिलं आणि पुन्हा होतं तिथेच ठेवलं. अभयारण्यातून काही न्यायचं नसतं.

फणसाडच्या उंच झाडांवर पांढऱ्या पाठीची गिधाडं राहतात. जनावरांना वेदनाशामक म्हणून दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकने या गिधाडांचा देशभर घात केला. मेलेल्या जनावराच्या मांसातून हे औषध पोटात गेलं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर देशातली बहुतेक गिधाडं संपली होती. जी थोडी उरली, त्यांना रायगडातल्या अशा जुन्या झाडांचा मोठा आधार झाला.

जंगलातून परतताना भाचा म्हणाला, “मावशी, उंचीत आपली झाडं रेडवुडसमोर काहीच नाहीत, पण आत शिरल्यावर श्वास तसाच खोल जातो.” मग त्याने म्यूर वुड्सची गोष्ट सांगितली. ते सॅन फ्रान्सिस्कोजवळचं रेडवुडचं जंगल. विल्यम केंट आणि त्याची बायको एलिझाबेथ यांनी ते १९०५ मध्ये विकत घेतलं. पुढे तिथे धरण बांधायचं घाटू लागलं, तेव्हा त्यांनी त्यातली २९५ एकर जमीन सरकारला देऊन टाकली. १९०८ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी तिला राष्ट्रीय स्मारक म्हणून संरक्षण दिलं. एरवी त्या किनाऱ्यावरची पुरातन रेडवुड जंगलं करवतीखाली गेली. आज मूळच्या जंगलाचा शेकडा पाचच्या आसपास भाग उरला आहे. इकडे नवाब, तिकडे केंट. कारणं वेगळी, पण दोन्हीकडे करवत पोचण्याआधी कुणीतरी आडवं आलं होतं.

मुरूडच्या अलीकडे डोंगराच्या कडेवर नवाबाचा राजवाडा दिसतो आणि मग रस्ता गावात उतरतो. जंजिऱ्याबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की इथे एवढंच सांगते: होडीने किल्ल्यात जायचं असेल तर राजपुरीला सकाळी लवकर पोचा आणि मुक्काम मुरूडलाच करा. दुसऱ्या दिवशीचा टप्पा ताज्या पायांनी करण्यासारखा आहे.

मुरूडहून आगरदांडा जवळच. तिथून दिघीला फेरीबोट जाते. कोकणच्या खाड्यांवर मोटारी नेणाऱ्या अशा फेरीबोटी २००३ मध्ये दाभोळ-धोपावेपासून सुरू झाल्या आणि त्यांनी किनाऱ्याचा रस्ता खऱ्या अर्थाने जोडला. सायकलवाल्याच्या दृष्टीने ही बोट म्हणजे हक्काची विश्रांती. पाय सोडून बसावं, पाणी भरून घ्यावं, टायरची हवा बघावी.

दिघीला उतरल्याबरोबर चढ. सकाळी नऊला तिथे उन्हाचा चटका बसत होता, कारण या बाजूला रस्त्यालगतची झाडं विरळ आहेत. तो चढ पार करून आम्ही दिवेआगरला आलो. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी इथल्या एका वाडीत काम चालू असताना पेटीत सोन्याचा गणपतीचा मुखवटा सापडला आणि गावाचं नाव सर्वदूर झालं. मार्च २०१२ मध्ये दरोडेखोरांनी दोन रखवालदारांना मारून तो लुटला. पण दिवेआगर जाणून घ्यायचं तर देवळाइतकंच वाड्यांत जायला हवं. ही सुपारीची गावं. श्रीवर्धनचा रोठा म्हणजे टपोरी, आतून पांढरी सुपारी, बाजारात नावाने मागितली जाते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात किनाऱ्याला धडकलं. वारा ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाने वाहत होता. ज्या घरी आम्ही जेवलो, तिथल्या आजोबांनी वाडी फिरून दाखवली. जुन्या पोफळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या होत्या. बाकी सगळी ओळीने लावलेली नवी झाडं, काही डोक्याएवढी, काही त्याहून उंच. पोफळ उंच आणि बारीक खोडाची. नारळाच्या आडोशाने ती वाऱ्यात तग धरते. त्या दिवशी नारळच कोसळले आणि पोफळींवर पडले. “लावणी केली, शिंपणं केलं, आता धरायला लागतील,” आजोबा म्हणाले. “पण सावली आली नाही अजून पहिल्यासारखी. जायफळाला ऊन लागतं ना.” पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, नारळाला जवळपास तेवढीच. वाडीचे सगळे मजले पुन्हा उभे राहायला त्याहून जास्त. एका दुपारी गेलेली सावली परत आणायला एक पिढी खपते, हे मला त्या वाडीत समजलं.

दिवेआगर ते श्रीवर्धन हा किनाऱ्याचा रस्ता सगळ्या सफरीचा कळस आहे. भरडखोल, शेखाडी, आरावी अशी कोळ्यांची आणि शेतकऱ्यांची गावं. कुठे रस्ता वाळूच्या पातळीवर, कुठे कड्यावर, खाली काळ्या खडकांवर फुटणाऱ्या लाटा. वाहनं कमी. सायकलवर बसून समुद्राचा आवाज इतका वेळ सलग ऐकायला मिळेल असा दुसरा रस्ता मला ठाऊक नाही. याच शेखाडीच्या किनाऱ्यावर फेब्रुवारी १९९३ मध्ये आरडीएक्स उतरवलं गेलं आणि १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले. त्या स्फोटांतली प्लाझा आणि सेंच्युरी बाजार ही दोन्ही ठिकाणं आमच्या करी रोडपासून फार लांब नाहीत. गावाला त्या दिवसांचा डाग लागला, पण गावाची ओळख तेवढी नाही; जाळी विणणारी माणसं आम्हाला हात करून पाणी विचारत होती.

श्रीवर्धन हे भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचं गाव. पण मला या तालुक्यातलं दुसरं एक गाव सांगायचं आहे. किनाऱ्यापासून आत गाणी नावाचं गाव आहे. तिथली देवराई सत्तरच्या दशकात तोडली जाणार होती. ओढ्याचं पाणी त्या राईमुळे टिकतं हे गावकऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ तेव्हा महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास करत होते. गावकऱ्यांचं म्हणणं त्यांच्यापर्यंत पोचलं, त्यांनी ते वनखात्यापुढे मांडलं आणि राई वाचली. देवाच्या नावाने राखलेलं जंगल आणि पाण्यासाठी राखलेलं जंगल एकच होतं, हे शास्त्रज्ञांनी गावकऱ्यांकडून शिकून जगाला सांगितलं.

ज्यांना हा रस्ता करायचा आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. निघणं पहाटे, थांबणं अकराच्या आत, पुन्हा निघणं साडेतीननंतर. अगदी अरुंद टायरची शर्यतीची सायकल इथे त्रास देते. ३२ मिलिमीटरच्या आसपासचं टायर बरं. दोन जादा ट्यूब, पंप आणि साखळी जोडायचं हत्यार जवळ ठेवावं, कारण अलिबाग सोडल्यावर गिअरच्या सायकलचं दुरुस्तीचं दुकान मिळणं कठीण. पाणी गावागावात मिळतं. परतीला श्रीवर्धनहून म्हसळामार्गे माणगाव गाठलं की कोकण रेल्वे मिळते. सायकल पार्सल डब्यात जाते, पण त्या गाडीत आणि त्या स्टेशनवर ती सोय आहे का हे आधी विचारून घ्यावं.

या रस्त्यावर लवकरच खूप काही बदलणार आहे. बॅरिस्टर अंतुले यांच्या काळापासून बोलला जाणारा रेवस-रेडी सागरी महामार्ग आता आकार घेतो आहे, खाड्यांवर पूल बांधायला घेतले आहेत. गावांना पूल हवेत आणि ते त्यांना मिळायलाच हवेत. आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला फेरीबोटीची वाट बघावी लागणं योग्य नाही. माझं म्हणणं रस्त्याच्या कडेच्या झाडांपुरतं आहे. फणसाडला नवाब होता, आता वनखातं आहे. देवराईला देव आहे आणि गाव आहे. वाडीला मालक आहे, वादळानंतर पुन्हा लावणी करणारा. रस्त्याच्या कडेच्या ऐनाला आणि जांभळाला असं कुणी नाही. मुंबईत झाड तोडायचं तर १९७५च्या कायद्यानुसार नोटीस लागते, लोकांच्या हरकती मागवल्या जातात. तो कायदा नागरी क्षेत्रांपुरता आहे; बोर्ली आणि काशिदच्या मधल्या झाडावर अशी नोटीस चिकटत नाही.

रुंदीकरण एकाच बाजूने करून दुसरी बाजू राखता येते. फांद्या जिथे रस्त्यावर एकमेकींना भिडल्या आहेत तेवढे तुकडे वगळून वळण घेता येतं. जिथे तोडणं अटळ आहे तिथे निलगिरी-गुलमोहराऐवजी तिथलीच झाडं, तोडण्याच्या आधी लावता येतात. हे सगळं आराखडा कागदावर असतानाच मागावं लागतं, करवत आल्यावर नाही. ते मागण्याचा पहिला हक्क तिथे राहणाऱ्यांचा. पण जे आपण मुंबईहून जाऊन त्या सावलीत सायकल चालवतो, त्यांनीही ग्रामपंचायतीच्या आणि बांधकाम खात्याच्या दारात उभं राहून त्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळला पाहिजे. त्या सावलीचा उपभोग आपण घेतला आहे, तेव्हा तिच्या बाजूने साक्ष देणं हे आपलं कर्तव्य आहे.